ख्रिस्ती नभोवाणी संस्था (बेळगाव सीमाभाग)

ख्रिस्ती नभोवाणी संस्था (बेळगाव सीमाभाग) : ख्रिस्ती उपदेश, भक्तिगीते आणि त्यांच्या जोडीने आरोग्य, शेती, कुटुंब अशा विषयांवरचे कार्यक्रम रेडिओवरून ऐकवणाऱ्या, नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांचे कार्य व अर्थव्यवहार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, जोयडा या पट्ट्यातील मराठीभाषक श्रोत्यांच्या संदर्भात हा विषय येथे घेतला आहे. या संस्थांचे प्रमुख वैशिष्ट्य म्हणजे पैसा एका देशातून येतो, ध्वनिमुद्रण दुसऱ्या ठिकाणी होते, प्रक्षेपण तिसऱ्याच देशातून होते आणि श्रोता खानापूरच्या एखाद्या वाडीत बसलेला असतो. त्यांचे हिशेब वाचताना ही चारही ठिकाणे लक्षात ठेवावी लागतात.

पार्श्वभूमी : बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० मध्ये जोसेफ टेलर यांच्यापासून सुरू झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले. रोमन कॅथलिकांचा स्वतंत्र बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्यापासून वेगळा निघाला. शेजारच्या कोल्हापुरात रॉयल वाइल्डर यांनी १८५२ पासून अमेरिकन मिशनचे काम चालवले. त्यामुळे या भागातील ख्रिस्ती समाजात मराठी, कन्नड, कोंकणी आणि छावणीच्या वस्तीत तमिळही बोलली जाते. मराठी कार्यक्रमांचा श्रोता आणि येथील मराठी ख्रिस्ती या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. ऐकणाऱ्यांत बिगरख्रिस्तीही असत.

आरंभकालाचा प्रश्न : सीमाभागात ख्रिस्ती नभोवाणी नेमकी केव्हापासून ऐकू येऊ लागली, याबाबत एकवाक्यता नाही. सर्वांत आधीचा दावा १९४८ चा करता येतो. रॉबर्ट बोमन, जॉन ब्रोगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग कंपनीने ४ जून १९४८ रोजी मनिला येथून पहिले प्रक्षेपण केले. पण मनिलाहून येणारी लहर पश्चिम घाटापर्यंत पोहोचली तरी ती मराठी नव्हती, आणि ती येथे नियमित ऐकली जात असल्याला आधार दुबळा आहे.

दुसरा दावा रेडिओ सिलोनचा. या केंद्राची व्यापारी सेवा १९५० मध्ये सुरू झाली. १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते आटली आणि भारतातला श्रोता सिलोनकडे वळला. त्याच केंद्रावर पैसे भरून वेळ विकत घेणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या. गाण्यांसाठी लावलेल्या रेडिओवर रविवारचा इंग्रजी उपदेश कानावर पडणे ही तेव्हाची नेहमीची गोष्ट असणार. याला ख्रिस्ती नभोवाणीचा आरंभ म्हणायचे की नाही, हा व्याख्येचा प्रश्न आहे.

लूथरन वर्ल्ड फेडरेशनने १९६३ मध्ये इथिओपियातील अदिस अबाबा येथे उभारलेले ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’ हा तिसरा पर्याय. भारतासाठीच्या त्याच्या कार्यक्रमांत हिंदी, तमिळ व तेलुगू यांना प्राधान्य होते. १९७७ मध्ये तेथील लष्करी राजवटीने हे केंद्र ताब्यात घेतले आणि तो अध्याय संपला.

चौथा आणि अधिक सबळ पर्याय सेशेल्सचा आहे. ब्रिटनमधील फार ईस्ट ब्रॉडकास्टिंग असोसिएशन (फेबा) या संस्थेने १९७० मध्ये माहे बेटावरून लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपण सुरू केले. अँटेना किनाऱ्यालगतच्या प्रवाळखडकावर, समुद्रातच उभारल्या होत्या. दक्षिण आशिया हे या केंद्राचे एक मुख्य लक्ष्य होते. भारतातील ध्वनिमुद्रण व पत्रोत्तराचे काम बंगळूरहून चाले. याच दशकात, १९७८ मध्ये, ट्रान्स वर्ल्ड रेडिओने श्रीलंकेतील पुत्तलम येथून ८८२ किलोहर्ट्झवर मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) प्रक्षेपण सुरू केले. या संस्थेचे भारतातील काम ‘विश्ववाणी’ या नावाने ओळखले जाई.

भाषा, पुरेसा जोरदार संदेश आणि श्रोत्याला उत्तर देणारी व्यवस्था ही तिन्ही एकत्र आल्यावरच ‘संस्थेचे कार्य’ सुरू झाले असे मानायचे, तर सीमाभागापुरता आरंभ १९७० च्या दशकात ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. सिलोनचा काळ ही त्याची पूर्वपीठिका होय.

लहरी व ग्रहण : माहे ते बेळगाव हे अंतर सुमारे ३,००० किमी. आहे. एवढ्या अंतरावर लघुलहरी जमिनीलगत पोहोचत नाहीत. त्या वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित भागावरून, म्हणजे आयनांबरावरून, परावर्तित होऊन येतात. आयनांबराची स्थिती दिवसाच्या प्रहराप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि सुमारे अकरा वर्षांच्या सौरडाग चक्राप्रमाणे बदलते. म्हणून वर्षातून किमान दोनदा कंप्रता (फ्रिक्वेन्सी) बदलल्या जात आणि कार्यक्रमाच्या शेवटी नवी जागा सांगितली जाई. २५, ३१ किंवा ४१ मीटरच्या पट्ट्यावर काटा केसभर सरकला तरी दुसरेच केंद्र लागे. मधूनच आवाज खोल जाई आणि वाक्याचा शेवट हरवून परत येई.

पुत्तलमची गोष्ट वेगळी. तेथून बेळगाव हजारेक किलोमीटरवर, आणि प्रक्षेपकाची शक्ती ४०० किलोवॅट. दिवसा मध्यमलहर जमिनीलगत जाते आणि लवकर क्षीण होते. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा थर विरतो व तीच लहर शेकडो किलोमीटर पलीकडे स्पष्ट ऐकू येते. साध्या, एकाच पट्ट्याच्या ट्रान्झिस्टरवरही ती लागते, हा तिचा खरा फायदा. लघुलहरींसाठी दोन-तीन पट्ट्यांचा, महाग रेडिओ लागे.

सीमाभागातल्या श्रोत्याला रोजच्या वापरात धारवाड (७६५ किलोहर्ट्झ, २०० किलोवॅट) आणि सांगली (१२५१ किलोहर्ट्झ, २० किलोवॅट) ही आकाशवाणीची दोन केंद्रे लागत. कन्नडचा आवाज मराठीच्या दहापट शक्तीचा होता, असे या आकड्यांवरून सहज म्हणता येईल; प्रत्यक्ष ग्रहण अंतर व कंप्रतेवरही अवलंबून असते. तरीही रात्री मराठी ऐकू इच्छिणाऱ्याचा काटा इकडेतिकडे फिरत असे आणि परदेशी मराठी केंद्रांना श्रोता मिळण्यामागे हे एक कारण असावे. रेडिओने सीमा ओलांडणे या मुलखाला नवे नव्हते. गोवामुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र १९५५ मध्ये बेळगाव–सावंतवाडी मार्गावरील आंबोलीच्या जंगलातूनच प्रथम बोलू लागले होते.

परदेशातूनच प्रक्षेपण का : भारतात नभोवाणी ही दीर्घकाळ सरकारची मक्तेदारी होती. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला, तरी दार धार्मिक संस्थांसाठी उघडले नाही. खासगी एफएमच्या २००५ च्या धोरणात धार्मिक संस्थेच्या नियंत्रणाखालील किंवा तिच्याशी संलग्न कंपनीला अपात्र ठरवले आहे. आकाशवाणीची व्यापारी जाहिरात संहिताही मुख्यतः धार्मिक हेतूच्या जाहिराती स्वीकारत नाही. सामुदायिक रेडिओ २००६ पासून ना-नफा संस्थांना खुला झाला. पण १०० वॅटची मर्यादा, तासाला पाच मिनिटेच जाहिराती (पुढे ही मर्यादा वाढवली गेली) आणि आकाशवाणीच्या कार्यक्रमसंहितेचे बंधन यांमुळे उपदेशप्रधान संस्थेला तो सोयीचा नाही. बेळगावातील ‘वेणुध्वनी’ हे के. एल. ई. संस्थेचे केंद्र या प्रकारातले. त्याचा आवाका शहर व भोवतालापुरता आहे.

कार्यक्रम : ठरावीक कार्यक्रम पंधरा मिनिटांचा. ओळखधून, एक गीत, आठ-नऊ मिनिटांचे भाषण किंवा संवाद, आणि शेवटी पत्ता. पत्ता सावकाश आणि दोनदा वाचला जाई; पहिल्या वाचनात श्रोता पेन्सिल शोधतो, हे निवेदकाला ठाऊक असे. बायबलचे पुस्तकवार विवेचन पाच वर्षांत पुरे करणारी मूळ इंग्रजी मालिका अनेक भाषांत रूपांतरित झाली, त्यांत मराठीही आहे. ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण पुण्यात होते. रेडिओची मराठी त्यामुळे प्रमाण, पुणेरी वळणाची; बेळगावकडचा हेल तीत क्वचितच उमटे.

पत्र आले की पुस्तिका, टपालाद्वारे बायबल अभ्यासक्रम आणि पुढे जवळच्या मंडळीचा (स्थानिक ख्रिस्ती उपासकांच्या समूहाचा) परिचय असा क्रम चाले. काही पत्रे मात्र शुद्ध रेडिओशौकिनांची असत. ‘सिन्पो’ या पाच अंकी संकेताने ग्रहणाचा दर्जा कळवायचा आणि बदल्यात केंद्राचे चित्र असलेले पोचकार्ड मिळवायचे, एवढाच त्यांचा हेतू. श्रोतृसंख्येचा अंदाज पत्रांवरून बांधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. पत्रसंख्या म्हणजे श्रोतृसंख्या नव्हे, आणि धर्मांतराची संख्या तर नव्हेच.

अर्थव्यवहार : खर्चाचे मुख्य शीर्षक प्रक्षेपण. १०० किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकाला वीजपुरवठ्यातून त्याहून बरीच अधिक वीज लागते. बेटावर ती डिझेलवर तयार होत असेल तर तेलाच्या भावाबरोबर हिशेबही वरखाली होतो. ज्यांचा स्वतःचा प्रक्षेपक नाही त्या संस्था तासाच्या दराने वेळ विकत घेतात. फेबाने २००३ मध्ये सेशेल्सचे केंद्र बंद केले आणि भाड्याच्या प्रक्षेपणाकडे वळली. उत्पन्न बहुतांशी देणग्यांचे: काही सर्वसाधारण, काही एखाद्या भाषेसाठी किंवा कार्यक्रमासाठी राखीव. राखीव देणगी दुसरीकडे वळवता येत नाही. त्यामुळे मोठ्या भाषेचा पैसा शिल्लक आणि छोट्या भाषेची वेळ कापलेली, अशी स्थिती एकाच ताळेबंदात दिसू शकते.

परदेशी मूळ संस्थांचे हिशेब पाहण्याची सोय सारखी नाही. इंग्लंड व वेल्समध्ये नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला वार्षिक हिशेब चॅरिटी कमिशनकडे द्यावे लागतात. अमेरिकेत ना-नफा संस्था ‘फॉर्म ९९०’ भरतात, पण चर्च व चर्चसंघांना त्यातून सूट आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेली इव्हँजेलिकल कौन्सिल फॉर फायनान्शियल अकाउंटेबिलिटी ही स्वेच्छेने सभासद होणाऱ्यांची शिस्तसंस्था असून ती सरकारी तपासणीची जागा घेत नाही.

भारतात येणाऱ्या परदेशी पैशावर विदेशी योगदान विनियमन कायद्याचे नियंत्रण आहे. पहिला कायदा १९७६ चा. २०१० चा कायदा १ मे २०११ पासून लागू झाला. धार्मिक हेतूसाठी परदेशी देणगी घेण्यास कायद्याची मनाई नाही. सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक व सामाजिक या पाच मान्य हेतूंत तो येतो. मात्र नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत ‘एफसी-४’ विवरण द्यावे लागते. कलम ३ अन्वये बातम्या किंवा चालू घडामोडींचे ध्वनिकार्यक्रम तयार वा प्रसारित करणाऱ्या संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही. मराठी ख्रिस्ती कार्यक्रमांत सीमाप्रश्नाचा उल्लेख टाळला जातो, त्यामागे सौजन्यापेक्षा हे कलम अधिक असावे.

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने तीन मुख्य बदल झाले: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणे बंद झाले आणि सर्व परदेशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारणे सक्तीचे झाले. यातील पहिला बदल नभोवाणी संस्थेला सर्वाधिक जाचतो. या कायद्याखालील नियमावलीच्या नियम ५ प्रमाणे वीज, दूरध्वनी, टपाल, जागेचे भाडे, वाहनखर्च हे सारे प्रशासकीय खर्चात मोडते. इस्पितळातील डॉक्टरचा आणि शाळेतील शिक्षकाचा पगार त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. निवेदक व ध्वनिमुद्रकाचे नाव तेथे नाही. ज्या संस्थेचे कामच वीज, टपाल व दूरध्वनी यांवर चालते, तिच्या लेखापालाला कोणता खर्च ‘उद्दिष्टासाठी थेट’ आणि कोणता ‘प्रशासकीय’ हे प्रत्येक पावतीवर ठरवावे लागते. दुसऱ्या बदलामुळे बंगळूर किंवा दिल्लीच्या संस्थेने बेळगावातील छोट्या मंडळीकडे श्रोतेभेटीसाठी रक्कम पाठवण्याची वाट बंद झाली. प्रक्षेपणाचे भाडे साधारणतः परदेशी भागीदार तिकडच्या तिकडे भरतो. म्हणून भारतीय ताळेबंदात एकूण खर्चाचा लहान भागच दिसतो. परदेशी देणगीची तिमाही आवक जाहीर करण्याची अट जुलै २०२२ मध्ये नियमांतून काढण्यात आली.

देशी देणग्यांना आयकर कायद्याची बाजू आहे. धर्मादाय संस्थेला देणगीदाराला करसवलत देणारी मान्यता (१९६१ च्या कायद्यात ‘८० जी’ कलमाची) मिळू शकते, पण एका विशिष्ट धर्मसमाजाच्या हितासाठी चालणाऱ्या संस्थेला नाही; मान्यताप्राप्त संस्थेलाही धार्मिक कामावर उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. उलट, निनावी देणगीवरील कर धर्मादाय संस्थेला लागतो, निखळ धार्मिक न्यासाला नाही. देणगीदाराला कर-सवलतीची पावती हवी की दानपेटीची मुभा, हे नोंदणीच्या वेळीच ठरते. बहुतेक संस्था आरोग्य व साक्षरतेचे कार्यक्रम वेगळ्या नोंदणीखाली ठेवतात, ते यासाठी असावे.

राज्यसीमेने आणखी एक भेद घातला. १९५६ च्या पुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरकडे आला. आज चंदगडची मंडळी महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांना हिशेब देते, तर शेजारच्या खानापूरची संस्था कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा उपनिबंधकाकडे नोंदलेल्या न्यासाच्या रूपात चालते. दोन्हींकडे ऐकू येणारा कार्यक्रम एकच.

सद्यस्थिती : लघुलहरींचा श्रोता घटला. मोबाइलवरचे ॲप, व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या ध्वनिफिती, मेमरी कार्ड आणि सौरऊर्जेवरचे छोटे ध्वनियंत्र यांनी त्याची जागा घेतली. प्रक्षेपणाचा खर्च त्यामुळे कमी होतो. मात्र कार्यक्रम कोठे व किती ऐकला गेला याची मोजणी पत्रपेटीतून निघून खासगी कंपन्यांच्या आकडेवारीवर गेली आहे. मध्यमलहर अजून बंद पडलेली नाही, आणि घाटाच्या कुशीतल्या, मोबाइलची रेंज न मिळणाऱ्या जोयडा–खानापूर पट्ट्यात तिचा उपयोग संपलेला नाही.