नवजात बाळाची मोफत तपासणी: पात्रता, ठिकाण आणि कागदपत्रे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातल्या तपासणीसाठी अर्ज करावा लागत नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातला विलंब या चार गोष्टी पाहिल्या जातात.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बाळाची पहिली तपासणी तिथेच, घरी सोडण्यापूर्वी होते. झाली का, हे सिस्टरांना स्पष्ट विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर नोंद करून घ्या. पुढे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सहा आठवड्यांनंतरची तपासणी अंगणवाडीत, फिरतं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा येतं तेव्हा होते. खासगी दवाखान्यात जन्मलेल्या बाळालाही तिथे नेता येतं.

पण काही गोष्टी पथकाची वाट पाहत थांबू शकत नाहीत. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. डोळे वरून अगदी चांगले दिसतात, म्हणूनच ही तपासणी राहून जाते आणि उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, पक्कं निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत सुरू व्हावेत. पाऊल आत वळलेलं असेल तर मालिशने सरळ होईल म्हणून थांबू नका. पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू केलं तर बहुतेकदा मोठी शस्त्रक्रिया टळते.

दोष आढळला की संदर्भ चिठ्ठी मिळते. ती घेऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. दवाखान्यात त्याला डीईआयसी म्हणतात. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि आई किंवा वडिलांचं आधार कार्ड ठेवा. शस्त्रक्रिया लागणार असेल तर रेशन कार्ड आणि बाळाचा जन्मदाखलाही तयार ठेवा. एखादा कागद कमी असला तरी बाळाला आधी दाखवा, कागद मागाहून देता येतो. आजारी बाळाला वर्षभराचं होईपर्यंत सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे.

जन्मनोंद २१ दिवसांत करा. बारसं व्हायचं असलं तरी अडत नाही: नाव नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क जोडता येतं.