नाईल : डेथ मेटल संगीतातील प्राचीन इजिप्त

नाईल हा अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील ग्रीनव्हिल येथे १९९३ मध्ये स्थापन झालेला डेथ मेटल बँड आहे. गिटारवादक व गीतकार कार्ल सँडर्स हे त्याचे संस्थापक आणि आजवरचे सूत्रधार होत. प्राचीन इजिप्तमधील देवता, राजे, अंत्यसंस्काराचे मंत्र आणि परलोकाची वर्णने हा बँडच्या गीतांचा मुख्य विषय असून मेसोपोटेमिया, हित्ती साम्राज्य आणि इराण यांच्या परंपरांकडेही तो अधूनमधून वळतो. पुराणकथांचा आधार घेणारे मेटल बँड पुष्कळ आहेत, पण नाईलचे अल्बम ज्या बारकाईने वाचले जातात ती बारकाई क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली आहे. चाहत्यांमधील चर्चा वादनापुरती थांबत नाही. एखादी ओळ कोणत्या थडग्यातून किंवा कोणत्या पपायरसमधून (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावरील प्राचीन हस्तलिखितातून) आली आहे, इथपर्यंत ती जाते.

डेथ मेटल हा हेवी मेटल या रॉक संगीताचा उपप्रकार १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, आकाराला आला. स्वर बराच खाली उतरवलेल्या गिटारी, ड्रमवरील अखंड व अतिजलद आघात आणि गळ्याच्या तळातून काढलेला घोगरा गुरगुराटी आवाज ही त्याची ओळख आहे. मृत्यू, सडणे, हिंसा आणि धर्मद्रोह हे त्याचे सुरुवातीचे विषय होते. ‘अमंग्स्ट द कॅटॅकोम्ब्ज ऑफ नेफ्रेन-का’ (१९९८) या पहिल्या पूर्ण अल्बमपासून नाईलने याच मृत्युविषयाला एका विशिष्ट संस्कृतीची चौकट दिली. त्यानंतर ‘ब्लॅक सीड्स ऑफ व्हेन्जन्स’ (२०००), ‘इन देअर डार्कन्ड श्राइन्स’ (२००२), ‘ॲनिहिलेशन ऑफ द विकेड’ (२००५), ‘इथिफॅलिक’ (२००७), ‘दोज हूम द गॉड्स डिटेस्ट’ (२००९), ‘ॲट द गेट ऑफ सेथू’ (२०१२), ‘व्हॉट शुड नॉट बी अनअर्थ्ड’ (२०१५), ‘व्हाइल नायलॉटिक राइट्स’ (२०१९) आणि ‘द अंडरवर्ल्ड अवेट्स अस ऑल’ (२०२४) हे अल्बम आले. गिटारवादक व गायक डॅलस टोलर-वेड २०१७ मध्ये बाहेर पडले. ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास २००५ च्या अल्बमपासून बँडसोबत आहेत.

या गीतांचे वेगळेपण त्यांच्या घडणीत आहे. सर्वसाधारण मेटल गीत देवाची किंवा युद्धाची गोष्ट सांगते. नाईलचे गीत पुष्कळदा गोष्ट न सांगता थेट मंत्र म्हणते. बोलणारा कधी मृत व्यक्ती असतो, कधी पुरोहित, तर कधी खुद्द देव. संबोधन, आज्ञा, नावांची यादी आणि तेच ते वाक्य पुन्हा म्हणण्याची रीत ही इजिप्तच्या अंत्यलेखांची सारी लक्षणे गीतांत जशीच्या तशी उतरतात, आणि एकच स्वराकृती सलग घुमवणाऱ्या गिटारवादनाशी ही पुनरुक्ती नैसर्गिकपणे जुळते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते बँडच्या यशाचे खरे कारण हेच आहे : विषय संगीतावर वरून चिकटवलेला नाही, मंत्राची रचनाच संगीताची रचना झाली आहे. गायकाचे शब्द नुसत्या कानाला कळत नाहीत, त्यामुळे अल्बमसोबतची पुस्तिका अपरिहार्य ठरते. अनेक अल्बमच्या पुस्तिकांत सँडर्स यांनी गीतांची पार्श्वभूमी सविस्तर लिहिली आहे आणि चाहत्यांच्या वाचनाची सुरुवात बहुधा तेथूनच होते.

सर्वाधिक चर्चा झालेले उदाहरण म्हणजे २००२ च्या अल्बममधील ‘उनास, स्लेयर ऑफ द गॉड्स’ ही अकरा मिनिटांहून मोठी रचना. उनास हा पाचव्या राजवंशाचा अखेरचा राजा होय. इ. स. पू. २४ व्या शतकात सक्कारा येथे बांधलेला त्याचा पिरॅमिड हा आतील भिंतींवर मंत्र कोरलेला पहिला ज्ञात पिरॅमिड असून त्यातील लेख गास्तों मास्पेरो यांनी १८८१ मध्ये उजेडात आणले. या पिरॅमिड-लेखांतील २७३ व २७४ क्रमांकांचे मंत्र अभ्यासकांत ‘नरभक्षक स्तोत्र’ म्हणून ओळखले जातात. आकाश झाकोळते, तारे काळवंडतात आणि मृत राजा देवांची शिकार करून त्यांना शिजवून खातो. मोठे देव सकाळच्या भोजनाला, मध्यम संध्याकाळच्या आणि लहान रात्रीच्या. त्यांच्या देहांबरोबर त्यांची जादू आणि त्यांचे ज्ञानही त्याच्या पोटात जाते. हे स्तोत्र उनासनंतर केवळ तेती या राजाच्या पिरॅमिडमध्ये आढळते. बँडने या मजकुराला संथ आणि जड चालीचे भाग, समूहस्वर व मधूनच उसळणारा वेग दिला आहे. मूळ लेखाची प्रतिमा इतकी प्रखर आहे की गीतकाराला तिच्यात अतिशयोक्ती करावीच लागलेली नाही. डेथ मेटलची भाषा आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची राजभाषा येथे एकाच पट्टीत बोलतात.

असेच दुसरे उदाहरण ‘इथिफॅलिक’मधील ‘लेइंग फायर अपॉन अपेप’ हे होय. सूर्यदेव रा याची नौका रोज रात्री परलोकातून जाते आणि अपेप हा महासर्प तिला गिळू पाहतो. त्याला रोखण्यासाठी मंदिरांत प्रत्यक्ष विधी केला जाई आणि तो ब्रिटिश म्युझियममधील ब्रेमनर-ऱ्हिंड पपायरसमध्ये तपशीलवार दिला आहे. अपेपची मेणाची प्रतिमा करावी, तिच्यावर थुंकावे, डाव्या पायाने ती तुडवावी, भाला आणि सुरी चालवावी आणि शेवटी ती अग्नीत टाकावी, असा त्याचा क्रम आहे. अग्नीत टाकण्याच्या विभागाचे नावच गीताचे शीर्षक झाले आहे. याच वर्गात २००२ च्या अल्बममधील ‘एक्झिक्रेशन टेक्स्ट’ येते. शत्रूंची नावे मडक्यांवर किंवा मातीच्या मूर्तींवर लिहून त्या फोडण्याची प्रथा इजिप्तमध्ये होती आणि असे फुटलेले तुकडे उत्खननांत मिळाले आहेत.

‘ॲनिहिलेशन ऑफ द विकेड’च्या शीर्षकगीतात सोकर या मृत्युदेवाच्या प्रदेशाचे वर्णन येते. ‘अमदुआत’ या ग्रंथात रात्रीचे १२ तास म्हणजे परलोकाचे १२ टप्पे मानले आहेत आणि त्यांतील चौथा व पाचवा तास सोकरच्या वाळवंटाचा आहे. येथे पाणी नाही, म्हणून राची नौका सर्परूप घेते आणि तिला वाळूतून ओढत न्यावे लागते. सूर्यदेवालाही येथे अंधारच भेटतो. तिसरा थुतमोस या राजाच्या थडग्याच्या भिंतींवर हा ग्रंथ संपूर्ण चितारलेला आहे. थडग्यातील चित्रे समोर ठेवून हे गीत ऐकण्याची चाहत्यांची सवय मला या साऱ्या चर्चेतील सर्वांत फलदायी वाटते, कारण त्या वेळी गीतातील ओळी नुसत्या भीतिदायक विशेषणांची रास राहत नाहीत, त्यांना भूगोल मिळतो. याच अल्बमवर पुराणाबरोबर इतिहासही आहे. ‘कास्ट डाउन द हेरेटिक’चा विषय अखेनातेन हा राजा आहे. त्याने आतेन या सूर्यबिंबाची एकमेव उपासना लादली आणि मृत्यूनंतर त्याचे नाव स्मारकांवरून खोडले गेले. ‘युजर-मात-रे’ या गीताचे शीर्षक म्हणजे दुसरा रामसेस या राजाचे राजनाम आहे.

मात्र नाईलच्या अल्बममधील सारेच प्राचीन नाही आणि जाणकार चाहत्यांच्या वादांपैकी बरेच येथून सुरू होतात. पहिल्या अल्बमच्या नावातील नेफ्रेन-का हा राजा इजिप्तच्या इतिहासात झालाच नाही. तो अमेरिकन भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कल्पनेतील फराओ (इजिप्तचा राजा) आहे. २००० च्या अल्बममधील निनावी नगरीचे गीतही त्यांच्याच कथाविश्वाकडे जाते, आणि २००५ च्या अल्बममधील ‘फॉन उनाउसश्प्रेशलिशेन कुल्टेन’ हे शीर्षक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांनी कल्पिलेल्या, प्रत्यक्षात नसलेल्या ग्रंथाचे आहे. काही श्रोते या मिश्रणाला दोष मानतात, कारण खऱ्या मंत्राशेजारी काल्पनिक मंत्र त्याच गांभीर्याने ठेवला की नवख्याला फरक कळत नाही. दुसरा पक्ष असे म्हणतो की गीत म्हणजे शोधनिबंध नव्हे आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या भयकथाही त्या काळच्या इजिप्तवेडातूनच उगवल्या होत्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु पुस्तिकेत मूळ कथेचा निर्देश असला की पहिल्या पक्षाची तक्रार बरीच सौम्य होते.

दुसरी अडचण भाषांतरांची आहे. गीतांतील नावांची लेखनपद्धती आणि वाक्यांची जुनाट ढब पाहता ई. ए. वॉलिस बज (१८५७–१९३४) यांच्या अनुवादांचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. बज हे ब्रिटिश म्युझियमच्या इजिप्शियन व असिरियन पुरावस्तू विभागाचे प्रमुख होते आणि ‘मृतांचा ग्रंथ’ सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, पण त्यांचे व्याकरणविषयक निर्णय व उच्चार आता अभ्यासक स्वीकारत नाहीत. रेमंड फॉकनर यांचा पिरॅमिड-लेखांचा १९६९ चा अनुवाद अधिक विश्वसनीय समजला जातो. म्हणून गीतातील एखादे नाव आजच्या पुस्तकांत सापडले नाही, तर ते बनावट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. आधी जुन्या लेखनपद्धतीत ते शोधावे.

संगीताबाबत मात्र प्राचीनतेचा दावा करता येत नाही. इजिप्तमधील वीणा, दुहेरी बासऱ्या आणि सिस्ट्रम हे खुळखुळ्यासारखे वाद्य यांची चित्रे व प्रत्यक्ष नमुने उपलब्ध आहेत, तुतनखामेनच्या थडग्यातील तुताऱ्या तर १९३९ मध्ये बीबीसीच्या प्रक्षेपणासाठी वाजवल्या गेल्या. परंतु फराओंच्या काळातील स्वरलिपी मिळालेली नाही. नाईलच्या गिटारीत ज्याला श्रोते ‘इजिप्शियन’ म्हणतात तो रंग मुख्यतः अरबी व तुर्की संगीतातील हिजाझ या स्वरसमूहाचा आहे. कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार यांमधील मोठे अंतर हे त्याचे लक्षण असून हिंदुस्थानी संगीतातील बसंत मुखारीचे स्वर त्याच्याशी जुळतात. सँडर्स बाग्लामा हे तुर्की तंतुवाद्यही वाजवतात, आणि ‘सॉरियन मेडिटेशन’ (२००४) या त्यांच्या स्वतंत्र अल्बममध्ये ध्वनिक वाद्यांचा हा अंग मोकळेपणाने ऐकू येतो.

अल्बमांच्या तुलनेत चाहत्यांचे मत बहुधा २००२ आणि २००५ च्या अल्बमांभोवती फिरते. पहिल्याच्या बाजूने त्याचा विस्तार आणि अखेरची चार भागांची शीर्षकरचना मांडली जाते, दुसऱ्याच्या बाजूने कोलियास यांचे ड्रमवादन आणि गीतांची घट्ट बांधणी. २०१२ च्या अल्बमचा स्वच्छ, कोरडा ध्वनी अनेकांना रुचला नाही. मंत्रांना लागणारा घुमारा त्यात हरवला, हा आक्षेप मला रास्त वाटतो. २०१५ च्या अल्बममधील ‘कॉल टू डिस्ट्रक्शन’ हे गीत प्राचीन स्मारके पाडण्याच्या धर्मांध आवाहनांवर आहे आणि बँडचा विषय त्यात प्रथमच इतक्या थेटपणे वर्तमानाला भिडला.

या गीतांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की इजिप्तची मृत्युकल्पना त्यांत एकांगी दिसते. ‘मृतांचा ग्रंथ’ हा मृताला धीर व संरक्षण देणारा मंत्रसंग्रह होता. हृदय तराजूत तोलले गेल्यानंतर परलोकाचा देव ओसिरिस याच्या राज्यात सुखाने नांदावे, शेती करावी, ही त्यातील आस आहे. बँड त्यातील भयाचा भाग उचलतो. तरीही तो भाग बाहेरून आणलेला नाही. २०२४ च्या अल्बममधील एका अतिशय लांब शीर्षकात, पाताळात उलटे टांगले जाऊ नये आणि चार वानरांनी विष्ठा खायला लावू नये, अशी याचना आहे, आणि ती ऐकणाऱ्याला विकृत कल्पना वाटते. प्रत्यक्षात उलटे चालावे लागू नये म्हणून ५१ वा, विष्ठा खावी लागू नये म्हणून ५२ वा व ५३ वा, आणि अग्निसरोवराजवळ बसणाऱ्या चार बबून वानरांना उद्देशून १२६ वा, असे मंत्र त्या ग्रंथातच आहेत. शीर्षकाने त्यांची सांगड स्वतःच्या पद्धतीने घातली आहे, एवढेच. मूळ मंत्रातील वानर न्यायी आहेत आणि मृताचे दोष दूर करतात, हे मात्र गीतावरून कळत नाही. ते वाचूनच कळते.

पुराणकथांचा आधार घेणाऱ्या इतर बँडमध्ये सुमेरियन देवतांना आवाहन करणारा फ्लोरिडाचा मॉर्बिड एंजल, नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) कथा सांगणारा स्वीडनचा अमोन अमार्थ आणि वेदान्तावर ‘ब्रह्मविद्या’ ही अल्बममालिका रचणारा सिंगापूरचा रुद्र हे विशेष उल्लेखनीय आहेत. खुद्द इजिप्तमध्ये १९९७ साली सैतानपूजेच्या आरोपावरून अनेक तरुण मेटल-श्रोत्यांना अटक झाली होती. पुढे त्याच देशातील कैरो येथे स्कारॅब हा डेथ मेटल बँड उभा राहिला आणि त्याने फराओकालीन विषय स्वतःच्या भूमीवरून हाताळले, त्यामुळे नाईलशी त्याची तुलना चाहत्यांच्या चर्चेत वारंवार होते.