शरीर निश्चल आहे, पण शुद्ध हरपली आहे का?

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल देताना साधारण तीन प्रकारची औषधं लागतात. एकाने शुद्ध हरपते, दुसऱ्याने वेदना बोथट होते आणि तिसऱ्याने स्नायू सैल पडतात. या तिघांचं काम एकमेकांपासून स्वतंत्र चालतं. पहिलं कमी पडलं आणि तिसऱ्याचा अंमल पूर्ण असला, तर रुग्ण शुद्धीवर येईल, पण त्याला बोटही हलवता येणार नाही. श्वास व्हेंटिलेटर देतोय, डोळे चिकटपट्टीने मिटलेले आहेत. पाहणाऱ्याला तो गाढ भुलीतच वाटेल.

सुरुवातीला हा पेच नव्हता. १८४६ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टनने ईथर हे द्रव्य हुंगवून भूल देण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे आर्थर ग्वेडेल या अमेरिकी भूलतज्ज्ञाने श्वासाची लय, डोळ्यांच्या बाहुल्या, बुबुळांची हालचाल आणि स्नायूंचा ताण पाहून ईथरच्या भुलीचे टप्पे ठरवून दिले. भूल उतरू लागली की शरीर चुळबूळ करून ते कळवायचं. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी क्युरारे हे स्नायू सैल करणारं द्रव्य भुलीसोबत वापरलं. सर्जनचं काम सोपं झालं, भुलीचं औषधही कमी पुरू लागलं, पण शरीराने इशारा देण्याची ती मुख्य वाट बंद झाली. उरले नाडी, रक्तदाब, घाम, अश्रू. रक्तस्राव झाला किंवा रुग्ण हृदयाची गती मंदावणारी गोळी घेत असला, की नाडी आणि रक्तदाबही फसवतात.

भुलीत असताना रुग्ण असा शुद्धीवर येणं किती वेळा घडतं? ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी केलेली मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांनी आपणहून सांगितलेल्या अनुभवांवरून हे प्रमाण सुमारे १९,००० भुलींमागे एक निघालं. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल तर ८,००० मागे एक, दिलं नसेल तर १,३६,००० मागे एक. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये ६७० मागे एक. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रुग्णाला मुद्दाम विचारणाऱ्या अभ्यासांत मात्र हा आकडा हजारामागे एक-दोनपर्यंत जातो. त्याच पाहणीतली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दीर्घकाळ मनाला जखम करून गेली ती बहुतेकदा वेदना नव्हती, तर हलता न येण्याची, आपण जागे आहोत हे कुणालाच सांगता न येण्याची भीती होती.

मग थेट मेंदूकडेच का पाहू नये? हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लहरी पहिल्यांदा नोंदवल्या. भुलीत त्या बदलतात हे १९३०च्या दशकातच कळलं होतं. आज कपाळावर इलेक्ट्रोडची एक पट्टी चिकटवली की या लहरी शस्त्रक्रियागृहातल्या पडद्यावर दिसतात. जागेपणी त्या लहान आणि वेगवान असतात. प्रोपोफॉल हे शिरेतून देण्याचं भुलीचं औषध दिल्यावर कपाळाखालच्या भागात सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांच्या ठळक अल्फा लहरी उमटतात आणि त्यांच्यासोबत मोठ्या, संथ लहरी येतात. औषध फारच जास्त झालं, तर लहरींचा एखादा झोत येतो, मग रेष सपाट पडते, पुन्हा झोत येतो. उतारवयात अल्फा लहरी क्षीण होतात, म्हणून सत्तरीच्या रुग्णाचा आलेख तिशीच्या रुग्णासारखा वाचता येत नाही.

हे सगळं वाचायला सराव लागतो. म्हणून १९९०च्या दशकात बायस्पेक्ट्रल इंडेक्स, म्हणजे बीआयएस, आला. यंत्र लहरींचं गणित करून ० ते १०० मधला एकच आकडा दाखवतं. ४० ते ६० म्हणजे शस्त्रक्रियेला योग्य भूल. २००४ मध्ये जास्त जोखमीच्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीआयएस वापरलेल्या गटात दोघांना शस्त्रक्रियेतलं काही आठवलं, न वापरलेल्या गटात अकरा जणांना. पण २०११ साली सुमारे सहा हजार रुग्णांच्या अभ्यासात बीआयएसची तुलना उच्छ्वासातल्या भुलीच्या वायूचं प्रमाण मोजून इशारा देण्याच्या पद्धतीशी केली, तेव्हा बीआयएसच्या गटात सात आणि वायूच्या गटात दोन घटना झाल्या. म्हणजे भूल वायूने दिली असेल, तर तो वायू नीट मोजणं निदान तितकंच भरवशाचं. शिरेतून औषध देऊन भूल दिली, तर श्वासात मोजायला काही उरत नाही. तिथे, विशेषतः स्नायू सैल केलेले असताना, मेंदूच्या लहरी पाहण्याला पर्याय नाही असं माझं मत आहे.

आकड्याची मर्यादा २०१५ साली दहा स्वयंसेवकांनी स्वतःवर प्रयोग करून दाखवून दिली. त्यांना भूल दिली नव्हती, फक्त स्नायू सैल करणारं औषध दिलं होतं. ते पूर्ण जागे होते, तरी बीआयएस भुलीच्या पट्ट्यात उतरला. यंत्राच्या गणितात कपाळाच्या स्नायूंचा विद्युत संकेतही मिसळत होता! केटामाईन या भुलीच्या औषधाच्या बाबतीत उलटं होतं. शुद्ध हरपलेली असते, पण लहरी वेगवान होतात आणि आकडा चढतो. म्हणून अनेक भूलतज्ज्ञ आता आकड्यासोबत मूळ लहरीही वाचायला शिकतात.

जाणीव आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचाही विचार करायला हवा. १९७७ मध्ये मायकेल टन्स्टॉल या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती मांडली. स्नायू सैल करणारं औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाबाची पट्टी घट्ट आवळायची, म्हणजे ते औषध त्या पंजापर्यंत पोचत नाही. मग भुलीतल्या रुग्णाला त्याच्या कानाशी सांगायचं, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६० पैकी १२ रुग्णांनी हात दाबला. असा प्रतिसाद देणाऱ्या बहुतेकांना नंतर त्यातलं काहीच आठवत नाही. आठवत नाही म्हणून त्या क्षणी त्यांना काही जाणवलं नाही, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

शस्त्रक्रियेतलं बोलणं ऐकल्याचं आठवत असेल, तर ते भूलतज्ज्ञाला जरूर सांगा, काही आठवड्यांनी आठवलं तरी. अशा आठवणी बरेचदा उशिराच वर येतात. एकदा असा अनुभव आलेल्या व्यक्तीला तो पुन्हा येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. पुढच्या भुलीआधी ते माहीत असलं, तर औषधाची मात्रा आणि देखरेख दोन्ही त्यानुसार ठरवता येतात.