टकोमा पार्क

टकोमा पार्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेरिलंड राज्याच्या मंटगमरी काउंटीमधील एक लहान शहर व लोहमार्गाच्या आधाराने वसलेले जुने उपनगर. लोकसंख्या १७,६२९ (२०२०). राजधानी वॉशिंग्टनच्या मध्यभागापासून ते उत्तरेस सु. १० किमी.वर असून त्याची एक बाजू थेट राजधानी क्षेत्राच्या हद्दीला भिडलेली आहे. मुळातली वसाहत हद्दीच्या दोन्ही अंगांना पसरली होती. त्यामुळे ‘टकोमा’ म्हटले म्हणजे राजधानीतील त्या नावाची वस्ती आणि मेरिलंडमधील शहर अशी दोन्ही डोळ्यांसमोर येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्याविषयी आहे. स्लायगो क्रीक हा ओढा शहरातून वाहतो. मेपल, ट्यूलिप, होली, सीडर, विलो अशी झाडांची नावे असलेले रस्ते, ओकची मोठाली झाडे आणि पुढे ओसरी असलेली लाकडी घरे ही जुन्या भागाची ओळख. हा भाग १९७६ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत दाखल झाला.

नावाची उपपत्ती : वसाहतीचे संस्थापक बेंजामिन फ्रँक्लिन गिल्बर्ट यांना हे नाव आयडा समी या वॉशिंग्टनवासी महिलेने सुचवले, याबद्दल एकमत आहे. वाद आहे तो अर्थाचा. स्थानिक परंपरेनुसार ‘टकोमा’ म्हणजे ‘उंचावरचे, स्वर्गाजवळचे’. वसाहतीची उंच जागा, मोकळी हवा आणि हिवतापाचा अभाव यांचीच जाहिरात करणाऱ्या गिल्बर्ट यांना हा अर्थ किती सोयीचा होता, हे सांगायला नको. मात्र मेरिलंडच्या मूळ रहिवाशांच्या कोणत्याही बोलीतून हा शब्द आलेला नाही. तो खंडाच्या पार दुसऱ्या टोकाहून, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन प्रदेशातून आला आणि मुळात तो ४,३९२ मी. उंचीच्या एका हिमाच्छादित ज्वालामुखीचे नाव आहे. या शिखराला जॉर्ज व्हँकूव्हर यांनी १७९२ मध्ये रेनिअर नावाच्या नौदल अधिकाऱ्याचे नाव दिले. मूळ रहिवाशांचे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले ते मुख्यतः थिओडोर विंथ्रॉप यांच्या प्रवासवर्णनामुळे. विंथ्रॉप १८६१ मध्ये यादवी युद्धात मारले गेले आणि त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्या प्रदेशातील टकोमा शहराने हे नाव १८६८ च्या सुमारास घेतले. १८७३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक लोहमार्गाचे पश्चिमेकडील अखेरचे स्थानक म्हणून त्याच शहराची निवड झाली, तेव्हा हे नाव देशभर माहीत झाले. आयडा समी यांच्या कानावर ते याच वाटेने आले असावे.

मूळ शब्द सॅलिश भाषाकुलातील लशूटसीड भाषेचा आहे. त्याच्या तीन फोडी प्रचलित आहेत : ‘जलांची माता’, ‘कुलशानहून मोठा’ (कुलशान किंवा कोमा कुलशान हे उत्तरेकडील बेकर शिखराचे देशी नाव) आणि ‘हिमाच्छादित पर्वत’. पहिली फोड या पर्वतावरून उतरणाऱ्या नद्यांकडे पाहून सुचलेली दिसते. दुसरीत ‘टा’ आणि ‘कोमा’ असे शब्दाचे दोन तुकडे पाडावे लागतात व ते ओढूनताणून वाटते. स्थलनामांच्या अभ्यासकांचा कल तिसऱ्या अर्थाकडे असून तोच अधिक ग्राह्य दिसतो. आणखी एक ध्वनिविषयक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. लशूटसीडमधील ‘म’ आणि ‘न’ ही अनुनासिके कालांतराने ‘ब’ आणि ‘ड’ झाली. म्हणून आजच्या भाषकांच्या तोंडी या शब्दाचे ‘ब’कारयुक्त रूप येते, तर एकोणिसाव्या शतकातील लेखकांनी ‘म’कारयुक्त रूप टिपले आहे. रूपे दोन असली तरी शब्द एकच आहे आणि ‘स्वर्गाजवळचे’ हा अर्थ त्यांपैकी कोणत्याही रूपातून निघत नाही. पश्चिमेकडील शहराशी घोटाळा होऊ नये म्हणून गिल्बर्ट यांच्या वसाहतीच्या रोमन वर्णलेखनात ‘सी’च्या जागी ‘के’ घालण्यात आला. देवनागरीत हा भेद उरत नाही, दोन्ही टकोमाच.

इतिहास : बॉल्टिमोर अँड ओहायओ रेल्वेचा मेट्रोपॉलिटन फाटा १८७३ मध्ये सुरू झाला. तोवर हा भाग शेती व रानाचा होता. यादवी युद्धानंतर वॉशिंग्टनमधील सरकारी कचेऱ्या वाढल्या, कारकुनांची संख्या फुगली आणि शहरातील उन्हाळा, डास व भाडे या तिन्हींना कंटाळलेला मध्यमवर्ग बाहेर जागा शोधू लागला. नोव्हेंबर १८८३ मध्ये गिल्बर्ट यांनी ब्राइटवुड नावाच्या थांब्याजवळ सु. ९० एकर जमीन घेतली आणि तिचे भूखंड पाडून विकायला काढले. खरेदीखतांत मद्यविक्रीला मनाई करणारी अट होती. पहिले घर १८८४ मध्ये उभे राहिले. सकाळच्या गाडीने कचेरीत जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने झाडीत परतायचे, असा येथल्या संसाराचा साचा होता.

३ एप्रिल १८९० रोजी मेरिलंडच्या हद्दीतील भागाला नगराचा दर्जा मिळाला आणि गिल्बर्ट पहिले नगराध्यक्ष झाले. हद्दीपलीकडचा भाग राजधानीतच राहिला. हद्दीचे मूळ दगड अँड्र्यू एलिकट यांच्या मोजणीनुसार बसवलेले असून मेरिलंडकडील दगडांवर १७९२ हे साल आहे. त्यांपैकी ईशान्य बाजूचा क्रमांक २ चा दगड मेपल अॅव्हेन्यूवर आजही लोखंडी कुंपणात उभा आहे. जेमतेम गुडघाभर उंचीचा हा झिजलेला वालुकाश्म पुढे कितीतरी वर्षे दोन प्रकारच्या नागरिकांना वेगळा करत होता. अलीकडच्यांना आपला नगराध्यक्ष निवडता येई, तर पलीकडच्या शेजाऱ्यांना १८७४ पासून पुढची शंभर वर्षे स्थानिक शासन निवडण्याचा हक्कच नव्हता. त्यात भर म्हणून नगराचा काही भाग मंटगमरी व काही भाग प्रिन्स जॉर्जेस काउंटीत होता. हा पेच १ जुलै १९९७ रोजी सुटला. त्या दिवसापासून संपूर्ण शहर मंटगमरी काउंटीत आले.

१८९३ च्या आर्थिक मंदीत गिल्बर्ट यांचा व्यवहार कोलमडला. नॉर्थ टकोमा येथील १८९२ चे हॉटेलही फार काळ चालले नाही. त्या आवारात पुढे ब्लिस विद्युत् विद्यालय आले आणि १९५० मध्ये मंटगमरी महाविद्यालयाने तो परिसर घेतला.

बहुतेक लेखक गिल्बर्ट यांच्यावरच थांबतात. परंतु शहराला वेगळे वळण लावण्याचे श्रेय सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाला अधिक द्यावे लागेल. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे पंथाचे आरोग्यधाम आणि छापखाना १९०२ साली एकाच वर्षात जळाले. तेथील वैद्यकीय संस्था कॉर्नफ्लेक्समुळे माहीत असलेल्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांच्या मुठीत होती. पंथाच्या नेत्या एलन व्हाइट यांना मुख्यालय दुसरीकडे न्यायचे होते, त्याला हेही एक कारण होते. १९०३ मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनला हलले. स्लायगो क्रीकच्या काठची ५० एकर जमीन ६,००० डॉलरना मिळाली. आधीच्या मालकाने तेथे आरोग्यधाम बांधण्यासाठी याच्या कितीतरी पट खर्च करून हात टेकले होते. १९०४ मध्ये महाविद्यालय व १९०७ मध्ये वॉशिंग्टन सॅनिटेरियम हे रुग्णालय सुरू झाले. शाकाहार, दारू-तंबाखूवर्ज्य आणि शनिवारचा विश्रामदिन हे पंथाचे नियम. त्यामुळे शनिवारी बाजार थंड आणि रविवारी गजबजलेला, असा उलटा आठवडा येथे रुळला. विल्यम स्पायसर हे १९२२ ते १९३० या काळात येथूनच पंथाचा जागतिक कारभार पाहत होते. पुण्यातील स्पायसर महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. मुख्यालय १९८९ मध्ये शेजारच्या सिल्व्हर स्प्रिंगला गेले, तर रुग्णालयाचा आंतररुग्ण विभाग २०१९ मध्ये व्हाइट ओक येथे हलला. १९०४ च्या महाविद्यालयाचे पुढे झालेले विद्यापीठ मात्र येथेच आहे.

महामार्गाचा लढा : ज्या लोहमार्गाने गाव वसवले, त्याच्याच कडेने १९६० च्या दशकात ते उठवण्याची योजना आली. नॉर्थ सेंट्रल फ्रीवे या नियोजित द्रुतगती मार्गाची आखणी प्रथम स्लायगो क्रीकच्या बाजूने आणि नंतर रेल्वेलगत करण्यात आली. दहा पदरी रस्त्यासाठी टकोमा पार्क आणि राजधानीच्या ईशान्य भागातील शेकडो घरे पाडावी लागणार होती. विरोधकांत सॅम अॅबट हे व्यवसायाने चित्रकार आणि मूळच्या अरब ख्रिस्ती कुटुंबातले गृहस्थ पुढे होते. ‘गोऱ्यांचे रस्ते, काळ्यांच्या घरांतून’ ही त्यांची फलकावरची ओळ आंदोलनाची घोषणा बनली. हद्दीअलीकडचे बहुतांशी गोरे घरमालक आणि पलीकडच्या कृष्णवर्णीय वस्त्या या प्रश्नावर एकत्र आल्या. तोवर त्यांचा एकमेकांशी संबंध बेताचाच होता. १९६८ मध्ये अपील न्यायालयाने आंदोलकांच्या बाजूने निर्णय दिला आणि पुढे योजना बारगळली. रस्ता होणार होता त्याच पट्ट्यातून मेट्रोचे रूळ आले. टकोमा स्थानक ६ फेब्रुवारी १९७८ रोजी उघडले. ते हद्दीपलीकडे, राजधानीच्या भागात आहे.

अॅबट १९८० ते १९८५ या काळात महापौर होते. शहराला ‘पूर्वेकडचे बर्कली’ (बर्कली हे डाव्या विचारांच्या राजकारणासाठी प्रसिद्ध असलेले कॅलिफोर्नियातील शहर) हे टोपणनाव मिळाले ते मुख्यतः या सुमारास. भाडेनियंत्रण, १९८३ मध्ये अण्वस्त्रमुक्त क्षेत्राची घोषणा आणि १९८५ मध्ये एल साल्वादोर व ग्वातेमालातील निर्वासितांना अभय देणारा नियम हे त्या काळचे निर्णय. १९९२ पासून नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांनाही शहराच्या निवडणुकीत मत देता येते. २०१३ मध्ये मतदानाचे वय १६ वर आणले गेले. असे करणारे हे देशातील पहिले शहर.

लोक : कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या आरंभीच्या काळापासून येथे आहेत, पण ती रिची अॅव्हेन्यूच्या परिसरात एकवटलेली होती. ली जॉर्डन या शाळेतील कर्मचाऱ्याने सर्व वर्णांच्या मुलांचे एकत्र क्रीडासंघ उभे केले. शहरातील एका मैदानाला त्यांचे नाव आहे. राजधानीच्या बाजूस १९५८ मध्ये ‘नेबर्स इंक’ ही संस्था निघाली. कृष्णवर्णीय शेजारी आला की गोऱ्यांना घाबरवून त्यांची घरे कवडीमोलाने घ्यायची आणि चढ्या दराने विकायची, हा दलालांचा धंदा मोडणे हे तिचे काम. दोन्ही वर्णांची कुटुंबे एकाच रस्त्यावर टिकली, यात तिचा वाटा मोठा आहे. १९८० नंतर मध्य अमेरिका, इथिओपिया, कॅरिबियन बेटे आणि पश्चिम आफ्रिका येथून लोक आले व मेपल अॅव्हेन्यूवरच्या उंच भाडे-इमारतींत आणि लँगली पार्कलगतच्या चौकाभोवती स्थिरावले. २०१० च्या जनगणनेत गोरे निम्म्याच्या आसपास आणि कृष्णवर्णीय एक-तृतीयांशाहून किंचित अधिक होते. ही विविधता सरसकट मिसळलेली नाही. जुनी लाकडी घरे आणि उंच इमारती यांतील रहिवाशांच्या उत्पन्नात मोठे अंतर आहे.

अझेलियाचे संकर करणारे उद्यानतज्ज्ञ बी. वाय. मॉरिसन येथे राहत. ‘अझेलिया सिटी’ हे शहराचे आणखी एक बिरुद त्या फुलांवरून आले. गिटारवादक जॉन फेही येथेच वाढले आणि १९५९ मध्ये त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीला टकोमा हेच नाव दिले. १८८९ पासून दर ४ जुलैला मिरवणूक निघते आणि १९८३ पासून रविवारी शेतमालाचा बाजार भरतो. जुन्या पेठेत रॉस्को नावाच्या कोंबड्याचा कांस्यपुतळा आहे. हा मोकाट कोंबडा १९९० च्या दशकात गल्ल्यांतून फिरत असे. त्याला पकडण्याचे प्रयत्न फसले आणि अखेर तो मोटारीखाली सापडला.

मूळ लोहमार्ग अजून वाहता आहे. त्यावरून मालगाड्या आणि ब्रन्सविक मार्गाच्या चाकरमान्यांच्या गाड्या जातात. त्या सिल्व्हर स्प्रिंगला थांबतात, टकोमाला थांबत नाहीत.