कंपनीचे नाव आधी नोंदवले की करोडपती?

‘मोठ्या कंपनीच्या नावाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आधी नोंदवून ठेवा, पुढे लिलावात कंपनीला ते कोट्यवधींना घ्यावेच लागेल,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. डोमेन महाग विकली जातात हे खरेच. ‘व्हॉइस डॉट कॉम’ २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरना विकले गेले. मात्र तो रोजच्या वापरातला साधा शब्द आहे आणि तो व्यवहारही लिलावात नव्हे, थेट वाटाघाटीतून झाला.

दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाची (ट्रेडमार्कची) गोष्ट वेगळी. १९९९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय तंटा-निवारण धोरणानुसार, नाव व्यापारचिन्हाशी फसवे साम्य असलेले आहे, नोंदवणाऱ्याचा त्यावर वैध हक्क नाही आणि नोंदणी व वापर दुर्हेतूने झाला आहे, हे तिन्ही मुद्दे तक्रारदाराने सिद्ध केले, तर नोंदवणाऱ्याला काहीही किंमत न देता डोमेन तक्रारदाराकडे जाऊ शकते. चढ्या किमतीला विकण्यासाठीच केलेली नोंदणी हा तर दुर्हेतूचाच पुरावा धरला जातो. भरलेले नोंदणीशुल्क अर्थातच बुडते.

पडताळणी अवघड नाही. व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर शब्द विनामूल्य शोधता येतो. भावाचा अंदाज घेताना मात्र मागितलेली किंमत नव्हे, पूर्ण झालेल्या विक्रीची रक्कम पाहावी. पन्नास लाखांचा फलक कोणीही लावू शकतो.