साइन तरंग आणि आठ ओहमचा स्पीकर: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी
जुना प्रश्न असा: मायक्रोकंट्रोलरमधून (एका चिपवरच्या छोट्या संगणकातून) निघालेली साइन तरंग, म्हणजे एकसारखी वरखाली होणारी गुळगुळीत लहर, आठ ओहमच्या स्पीकरला थेट जोडली की ती दबते, ती न दबता कशी पोहोचवायची? तिच्या दबण्याचे कारण प्रोग्रॅममध्ये सापडत नाही. अर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरील एटीमेगा ३२८पी चिपच्या एका पिनच्या प्रवाहाची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे, तर आठ ओहमवर पाच व्होल्ट टिकवायचे झाल्यास ६२५ मिलिअँपिअर लागतात. तरंग घडवणे आणि ती भारापर्यंत (येथे स्पीकरपर्यंत) पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत व त्यांचे इतिहासही वेगळे आहेत.

पहिल्या कामाचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३० च्या दशकाअखेरीस ह्यूलेट-पॅकार्डच्या ऑसिलेटरमध्ये (तरंग निर्माण करणाऱ्या उपकरणात) तरंगाची उंची स्थिर राखायला विजेचा छोटा दिवा वापरला जाई. १९७१ मध्ये टिअर्नी, रेडर आणि गोल्ड यांनी साठवलेल्या तक्त्यातून तरंग काढण्याची अंकीय पद्धत मांडली.

दुसरे काम अधिक चिवट ठरले. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी फिरत्या कॉइलच्या स्पीकरचे काम प्रसिद्ध केले, पण या कॉइलचा इंपीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) मोजक्या ओहमचा आणि व्हॅक्यूम ट्यूबला हवा असलेला भार हजारो ओहमचा, म्हणून मध्ये जड ट्रान्सफॉर्मर आला. १९२७ मध्ये बेल लॅबच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना सुचलेला निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलट दिशेने इनपुटकडे परत नेणे, मुळात दूरध्वनीच्या लांब तारांवरील विकृती कमी करण्यासाठी होता. मात्र आउटपुटचे व्होल्टेज मागे नेऊन तुलना केल्यास अॅम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्सही उतरतो, म्हणजे भार जोडल्यावर व्होल्टेज कमी दबते; हा गुण माझ्या मते येथे सर्वांत मोलाचा आहे.

ट्रान्सफॉर्मर वगळण्याचा व्यवहार्य मार्ग आरसीएचे हंग-चांग लिन यांनी १९५६ मध्ये दाखवला. एक ट्रान्झिस्टर प्रवाह ढकलतो, दुसरा ओढतो. परंतु ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर या दोन टोकांमधील जोडाला सुमारे ०.६ व्होल्ट मिळेपर्यंत दोन्ही स्वस्थ राहिल्यास तरंग शून्यापाशी मोडते. म्हणून त्यांना थोडा बायस (आधीपासून दिलेले अल्प व्होल्टेज) द्यावा लागतो. १९६८ च्या ७४१ ऑपअँपमधूनही (फीडबॅकसह वापरायच्या अॅम्प्लिफायर चिपमधूनही) सुमारे २५ मिलिअँपिअरच मिळत असल्याने त्याच्यापुढे अशी ट्रान्झिस्टरची जोडी लावून ती फीडबॅकच्या वेढ्यात घेण्याची रीत रुळली, आणि लहान स्पीकरपुरते हेच मंडल एलएम३८६ या अॅम्प्लिफायरमध्ये एका चिपवर मिळू लागले.

नवशिके बहुधा व्होल्टेज वाढवण्याच्या मागे लागतात, पण २.५ व्होल्ट शिखराची तरंगही आठ ओहममध्ये सुमारे ०.४ वॉट देते, तीही एकपट गेनवर, म्हणजे व्होल्टेज मुळीच न वाढवता. एकाच पुरवठ्यावरील तरंग मधल्या व्होल्टेजवर उभी असल्याने ते स्थिर व्होल्टेज अडवायला स्पीकरआधी कपॅसिटर मात्र हवाच. २० हर्ट्झपर्यंत उतरायचे तर तो १००० मायक्रोफॅरडचा लागतो.