बंदिस्त पॅकेजांचा भार आणि विदर्भातले जुने संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा लागतो. धारणी असो, घाटंजी असो की एटापल्ली, तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, शाळेच्या संगणक खोलीत बसवलेली कितीतरी यंत्रं या अटीत बसत नाहीत. चार जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क, तीही बहुधा सेकंडहँड. असं यंत्र भंगारात न घालता चालतं ठेवायचं तर लिनक्स ही फुकट आणि खुली कार्यप्रणाली हा सरळ मार्ग आहे.

पण उबुंटू हा लिनक्सचा लोकप्रिय प्रकार टाकून घेतलेल्या नव्या माणसाच्या तक्रारी ऐकल्या की त्यात एक सूत्र दिसतं. ब्राउझर पहिल्यांदा उघडायला फार वेळ घेतो. पेन ड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये दिसतो, पण अ‍ॅपमध्ये दिसत नाही. मराठी टायपिंग एका खिडकीत चालतं, दुसरीत चालत नाही. आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. या चारही गोष्टींचं मूळ पुष्कळदा एकाच ठिकाणी असतं: सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून तोडलेल्या कप्प्यात चालणारी बंदिस्त पॅकेजं, अर्थात स्नॅप आणि फ्लॅटपॅक. पॅकेज म्हणजे बसवण्यासाठी बांधून ठेवलेला प्रोग्राम.

ही पॅकेजं कोणी दुष्टपणाने आणलेली नाहीत. ती एका खऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली, म्हणून आधी ती अडचण समजून घ्यायला हवी.

डेबियन हा उबुंटूच्या पायाशी असलेला लिनक्सचा प्रकार १९९३ साली सुरू झाला. डेबियनचं डीपीकेजी आणि रेड हॅटचं आरपीएम ही दोन्ही नव्वदच्या दशकातली पॅकेज-साधनं, आणि दोन्हींमागचा हिशेब टंचाईचा होता. हार्डडिस्क लहान, मोडेम हळू. म्हणून अनेक प्रोग्रामना लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार सामायिक कोड, संगणकावर एकदाच ठेवायची आणि सगळ्यांनी तीच वापरायची, असं ठरलं. गावची एक विहीर आणि सगळ्यांचं पाणी तिथूनच, असा तो प्रकार. बंदिस्त पॅकेजं म्हणजे घरोघरी वेगळी बोअर. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात प्रत्येकाने आपली बोअर मारल्यावर जमिनीखालच्या पाण्याचं काय झालं, हे इकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

१९९९ साली डेबियन २.१ सोबत एपीटी हे साधन आलं आणि अवलंबून असलेली पॅकेजं शोधून आणण्याचं काम आपोआप होऊ लागलं. त्या व्यवस्थेचा एक फायदा आज विसरला जातो. नेट नसलेल्या ठिकाणीही ती चालत होती. २००५ ते २०११ या काळात उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी 'शिपइट' योजनेतून उबुंटूची सीडी मागेल त्याला टपालाने फुकट पाठवत असे. एका संगणकावर उतरवलेल्या डेब फाइली (डेबियनच्या पद्धतीची पॅकेजं) कॅशच्या, म्हणजे उतरवलेलं साठवून ठेवणाऱ्या, फोल्डरमधून पेन ड्राइव्हवर घ्यायच्या आणि शेजारच्या दहा संगणकांवर टाकायच्या, ही रीत अगदी सर्रास होती. फाइली छोट्या असत, कारण सामायिक भाग प्रत्येक संगणकावर आधीच असे.

अडचण दुसऱ्या टोकाला होती, सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे. डेबियनसाठी एक, फेडोरासाठी एक, उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीसाठी आणखी एक, असं पॅकेज पुन्हापुन्हा बांधावं लागे. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत प्रोग्राम जुनेच राहत. बाहेरची डेब फाइल टाकली की लायब्ररींचा गुंता व्हायचा. आणि सगळ्यात गंभीर बाब ही की डेब बसवताना तिच्यातली स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे संगणकावर सगळं करू शकणाऱ्या खात्याच्या, अधिकाराने चालते. अनोळखी माणसाची डेब बसवणं म्हणजे सगळ्या घराची किल्ली त्याच्या हाती देणं.

प्रोग्रामला कोंडून चालवायची कल्पना मात्र याहून बरीच जुनी आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ मध्ये, प्रोग्रामला एकाच फोल्डरात कोंडणारं क्रूट आलं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या प्रणालीने २००० साली जेल, म्हणजे प्रोग्रामसाठी वेगळ्या कोठड्या, आणले. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००२ पासून नेमस्पेस (प्रोग्रामला प्रणालीचा वेगळाच तुकडा दाखवणारी सोय) टप्प्याटप्प्याने येत गेल्या, २००८ मध्ये सीग्रुप (प्रोग्रामच्या मेमरी-प्रोसेसरच्या वापराला मर्यादा घालणारी सोय) आले, आणि २०१३ च्या सुरुवातीला कर्नल ३.८ मध्ये साध्या वापरकर्त्यालाही स्वतःची नेमस्पेस बनवता येऊ लागली. त्याच वर्षी अशा कप्प्यांत प्रोग्राम चालवणारं डॉकर आलं. हे सगळं मुख्यतः सर्व्हरसाठी होतं. डेस्कटॉपला हा विचार मोबाइलवरून आला, जिथे अँड्रॉइडवरचं प्रत्येक अ‍ॅप पहिल्यापासून आपापल्या कप्प्यात राहतं.

अ‍ॅपलने मॅकच्या अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅपना १ जून २०१२ पासून सँडबॉक्स सक्तीचा केला. मोबाइलचा नियम मोठ्या संगणकाला जसाच्या तसा लावला तर काय होतं, ते तिथे आधीच दिसलं होतं. अनेक फोल्डरांत एकाच वेळी काम करणाऱ्या साधनांचे हात बांधले गेले. बीबीएडिट हा जुना, नावाजलेला संपादक २०१४ मध्ये स्टोअर सोडून गेला आणि २०१९ मध्ये परतला. लिनक्सवाल्यांनी हा अनुभव पुरेसा मनावर घेतला नाही, असं मला वाटतं.

लिनक्सवर यासाठी अनेक प्रयत्न झाले. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये क्लिक नावाचं साधन आणलं, त्याचंच पुढचं रूप अ‍ॅपइमेज. एक फाइल, बसवायची गरज नाही, पण तिच्यात स्वतःचा सँडबॉक्स नसतो. अलेक्झांडर लार्सन यांनी २००७ पासून ग्लिक, मग एक्सडीजी-अ‍ॅप असे प्रयोग केले. त्यालाच २०१६ मध्ये फ्लॅटपॅक हे नाव मिळालं. कॅनॉनिकलने डिसेंबर २०१४ मध्ये स्नॅपी उबुंटू कोअर जाहीर केलं आणि एप्रिल २०१६ च्या उबुंटू १६.०४ मध्ये स्नॅप डेस्कटॉपवर आणलं. यात बनवणाऱ्याला एकदाच बांधायचं आणि सगळीकडे पाठवायचं अशी सोय झाली. त्याचं ओझं वापरणाऱ्याच्या डेटावर, डिस्कवर आणि वेळेवर आलं.

फायरफॉक्सचंच बघा. त्याचं डेब पॅकेज शंभर एमबीच्या आतलं असतं. स्नॅप अडीचशे एमबीच्या घरात जातं. शिवाय त्याच्याखाली पायाभूत कोअर आणि नोम या डेस्कटॉपचा सामायिक संच लागतो. उबुंटू २२.०४ च्या पायावरचा नोम संचच सुमारे ५०० एमबीचा आहे. फ्लॅटपॅकचंही तसंच: पहिलं छोटंसं अ‍ॅप घ्या, सोबत शेकडो एमबीचं रनटाइम, म्हणजे अ‍ॅपला लागणाऱ्या लायब्ररींचा संच, उतरतं. पुढच्या अ‍ॅपना तेच रनटाइम चाललं तर ठीक. पण एक अ‍ॅप नोमचं, दुसरं केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचं, तिसरं जुन्या आवृत्तीवर अडलेलं असं झालं की तीन संच डिस्कवर बसतात. फ्लॅटपॅक सारख्या फाइली एकदाच साठवतं, हे खरं. पण दोन आवृत्त्यांतल्या सारख्या दिसणाऱ्या फाइली पुष्कळदा नेमक्या सारख्या नसतात.

पुण्यात फायबर असलेल्या माणसाला हा आकडा जाणवतही नाही. भारतनेटची मूळ योजना २०११ ची, उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा. पंचायतीच्या पुढे दुकानापर्यंत, शाळेपर्यंत, घरापर्यंत जोडणी देणारा अजूनही बहुधा मोबाइलचा हॉटस्पॉट असतो, दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर. त्यातच सातबारा काढायचा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे, पीक विम्याची कागदं चढवायची. आणि स्नॅप मुळात दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं आणि न विचारता उतरवतं. मोजून मिळणाऱ्या डेटावर थांबायची सेटिंग आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते, तीही टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून. अपडेट बेमुदत थांबवण्याची सोय २०२२ च्या अखेरीस आली. म्हणजे तोवर सहा वर्षं लोकांनी फक्त पुढे ढकलण्यावर भागवलं. उतरवताना फक्त बदललेला भाग आणायचा प्रयत्न होतो, पण तेवढ्याने हॉटस्पॉटवरच्या माणसाची सुटका होत नाही. त्यात स्नॅप जुनी आवृत्तीही डिस्कवर ठेवून देतं.

पहिल्यांदा उघडायला लागणाऱ्या वेळेचं कारणही सरळ आहे. स्नॅप ही दाबून बांधलेली स्क्वॉशएफएस फाइल असते. ती जोडायची आणि वाचताना उलगडत जायची. एसएसडीवर हे खपून जातं, फिरत्या हार्डडिस्कवर नाही. फायरफॉक्सच्या स्नॅपवर २०२२ मध्ये याच कारणाने एवढी ओरड झाली की दाबण्याची पद्धत बदलून हलकी करावी लागली. वेग सुधारला, पण फाइल आणखी फुगली.

न्यायाची एक गोष्ट इथेच सांगायला हवी. डेबचं अपडेट चालू असताना लाइन गेली तर पॅकेज अर्धवट बसतं आणि पुढे काहीच बसवता येत नाही. ते दुरुस्त करायला जाणता माणूस लागतो. स्नॅप आणि फ्लॅटपॅक नवी आवृत्ती पूर्ण तयार झाल्यावरच जुनीच्या जागी आणतात, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जुनी शाबूत राहते. जिथे उन्हाळ्यात कधीही लाइन जाते, तिथे ही मोठी गोष्ट आहे.

पेन ड्राइव्हचा प्रश्न परवानग्यांचा आहे. स्नॅपला बाहेरून लावलेल्या डिस्कवर जायची परवानगी मुळात आपोआप मिळत नाही, स्टोअरने त्या अ‍ॅपला खास सूट दिली तरच आपोआप मिळते. संगणकावर विंडोजही ठेवलं असेल तर जुनी डी ड्राइव्हही लिनक्सला बाहेरचीच डिस्क वाटते. मग सगळे फोटो, दाखले, अर्ज तिथेच पडलेले, आणि अ‍ॅप म्हणतं फाइलच नाही. फ्लॅटपॅकचा पोर्टल हा याहून बरा विचार: माणसाने स्वतः निवडलेली फाइल तेवढी अ‍ॅपला मिळते. पण फक्त तीच. तिच्या शेजारची फाइल मिळेलच असं नाही, म्हणून व्हिडिओ लागतो आणि त्याची सबटायटल सापडत नाहीत, किंवा जतन केलेलं पान उघडतं आणि त्यातली चित्रं गायब असतात.

मराठी टायपिंगचं दुखणं मला यातलं सर्वांत जिव्हारी लागणारं वाटतं. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीसाठी लिनक्सवर बहुधा आयबस हा टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम वापरला जातो. बंदिस्त अ‍ॅपला बाहेरच्या आयबसशी बोलायचं तर त्याच्या आतल्या संचात योग्य दुवा असावा लागतो आणि सँडबॉक्सने ती वाट उघडी ठेवावी लागते. सुरुवातीच्या कितीतरी पॅकेजांत ही सोय नव्हती. पॅकेज बनवणारा इंग्रजीत टाइप करत होता, त्याला ही चूक दिसणारच नव्हती. आयबसने पुढे सँडबॉक्ससाठी वेगळा मार्ग काढला आणि बरंच सुधारलं. तरी एखाद्या अ‍ॅपमध्ये रोमनच उमटत राहतं, आणि माणूस समजतो की आपल्यालाच कीबोर्ड बसवता आला नाही. फॉन्टच्या कॅशच्या आतल्या-बाहेरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे २०१८ च्या सुमारास काही स्नॅपमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसत होते, तेही याच कुळातलं.

ग्रामपंचायतीच्या कामात आणखी एक अडसर येतो, डिजिटल सहीचा. वित्त आयोगाच्या निधीतली देयकं ई-ग्रामस्वराजवरून देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सह्या लागतात, आणि सही असते यूएसबी टोकनमध्ये. टोकनचा ड्रायव्हर हा संगणकावर बाहेर बसवलेला असतो. स्नॅपमधला ब्राउझर तो आत घेऊ शकत नव्हता. स्मार्ट कार्ड वापरणाऱ्या देशोदेशीच्या लोकांनी याची तक्रार वर्षानुवर्षं केली. पासवर्ड सांभाळणारे प्रोग्राम ब्राउझरशी जोडताना हीच भिंत आडवी येई. आधी न येणारी अडचण आपोआप झालेल्या बदलामुळे आली, हे लोकांना जास्त लागलं. उबुंटू २२.०४ मध्ये उबुंटूच्या भांडारातून फायरफॉक्सचं खरं डेब काढलंच होतं, त्या नावाने मागितलं तरी स्नॅपच बसत असे. क्रोमियम ब्राउझरचं तसं २०१९ मध्येच झालं होतं, आणि त्यावरूनच उबुंटूवर आधारलेल्या लिनक्स मिंटने २०२० च्या आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅप मुळातच बंद करून ठेवलं. मिंटचा दुसरा आक्षेप स्टोअरवर होता. स्नॅपचं स्टोअर एकाच कंपनीचं आहे आणि त्याचा सर्व्हरकडचा कोड खुला नाही. डेबचं भांडार कोणालाही आपल्या गावात उभारता येतं, स्नॅपचं तसं येत नाही.

एवढं सोसून सुरक्षा तरी पूर्ण मिळते का? थोडी मिळते, आणि ती मोलाची आहे. पण फ्लॅटपॅकमधली अनेक अ‍ॅप सगळ्या होम फोल्डरची परवानगी घेऊनच येतात. एक्स११ या जुन्या पडदा-व्यवस्थेत एका खिडकीतलं टायपिंग दुसरा प्रोग्राम वाचू शकतो, त्याला सँडबॉक्स अडवत नाही. मे २०१८ मध्ये स्नॅप स्टोअरवरच्या दोन खेळांत लपून आभासी चलन खणणारा कोड सापडला. २०२४ मध्ये तिथल्याच एका बनावट पाकिटामुळे (आभासी चलन ठेवणाऱ्या अ‍ॅपमुळे) एका माणसाचे सुमारे नऊ बिटकॉइन गेले. त्याने पाकिटाचा गुप्त वाक्यांश स्वतः टाइप करून दिला होता, कप्पा कितीही घट्ट असता तरी उपयोग नव्हता. त्यानंतर नव्या अ‍ॅपच्या नावांची माणसाकडून तपासणी सुरू झाली.

सध्या वाटा काही आहेत. मोझिलाने जानेवारी २०२४ पासून फायरफॉक्सच्या स्थिर आवृत्तीचं स्वतःचं डेब भांडार सुरू केलं, उबुंटूवर ते जोडता येतं. मिंट आणि डेबियनवर फायरफॉक्स साध्या पॅकेजमध्येच मिळतो. चार जीबीच्या यंत्रासाठी मी आधी हेच सुचवतो. फ्लॅटपॅक घ्यायचंच असेल तर सगळी अ‍ॅप एकाच रनटाइमवरची निवडावीत आणि न लागणारी रनटाइम काढून टाकायची आज्ञा अधूनमधून चालवावी. फ्लॅटपॅकमध्ये अ‍ॅप आणि त्याचं रनटाइम पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर नेट न वापरता बसवायची सोय आहे. स्नॅपही उतरवून खरेपणाची ग्वाही देणाऱ्या सहीच्या फाइलीसकट नेता येतं. तालुक्याला जिथे चांगली जोडणी आहे तिथे एका संगणकावर हे भरून घेतलं तर आसपासच्या शाळांना पुरतं. मात्र फ्लॅटपॅकच्या रनटाइमला साधारण वर्ष-दोन वर्षंच आधार मिळतो, त्यामुळे हे भरणं दर काही महिन्यांनी पुन्हा करावं लागेल, आणि ते कोण करणार हे शाळेच्या पातळीवर आधीच ठरवून ठेवावं लागेल.